पाकिटातलं उत्तर

त्या दिवशी बाई अर्धा तास आधीच आल्या, कारण फायलींच्या कपाटाचा खण पुन्हा अडकला होता आणि तो त्यांच्याशिवाय कुणाचं ऐकत नसे. शाळेत अडतीस वर्षं काढलेल्या बाई! त्यांच्या आवाजाने खण काय, तपासणीला आलेले साहेबसुद्धा सरळ बसत. लग्न केलं नव्हतं. निवृत्तीनंतर घरी बसून भिंतींशी बोलण्यापेक्षा बरं, म्हणून त्या या परदेशी संस्थेत स्वयंसेवक झाल्या होत्या. बंदराच्या टोकाला पत्र्याचं एक ऑफिस होतं. देश सोडून निघालेल्या लोकांची वाटेत ताटातूट झालेली माणसं शोधायची, हे तिथलं काम. सात महिन्यांत बाईंच्या हातून एकही माणूस सापडलं नव्हतं आणि ते त्यांना फार लागलं होतं.

पद्धत अशी होती, की मुलगा हरवलेल्या आईने एक प्रश्न लिहून द्यायचा, ज्याचं उत्तर फक्त त्या मुलालाच ठाऊक असेल. उत्तर वेगळ्या कागदावर, चिकटवलेल्या पाकिटात. मुलाचा फोटो नंबर घालून बंदराबंदरांत लावत, खाली ऑफिसचा फोन. फोन येत, पण बहुतेक भामट्यांचेच. म्हणून प्रश्न विचारायचा, मग पाकीट फोडून उत्तर ताडून बघायचं. जुळलं तरी त्या माणसाचा ताजा फोटो आल्याशिवाय घरच्यांना अवाक्षर सांगायचं नाही. आणि फोनवरच्या माणसाला ‘ये’ म्हणायचं नाही. हे शेवटचं कशासाठी, ते बाईंना कळलं नव्हतं. ऑफिसची प्रमुख त्यांच्या भाचीच्या वयाची होती. तिला विचारलं तर म्हणाली, “माझ्या आधीपासूनचा नियम आहे, बाई. मी पाळते. तुम्हीही पाळा.”

दाराजवळच्या बाकावर शिंपीण बसली होती. रोज दुपारी ती यायची, बंदरामागच्या निर्वासितांच्या छावणीतल्या लोकांचे फाटके कपडे मांडीवर घ्यायची आणि शिवत बसायची. तिचा बावीस वर्षांचा मुलगा हरवून अकरा महिने झाले होते. भिंतीवरचा सतरा नंबरचा फोटो त्याचा.

“चष्मा शोधताय ना? डोक्यावर आहे,” ती म्हणाली.

“माहीत आहे गं. डोक्यालाही कधी दिसायला नको का?”

शिंपीण हसली. तिचं ते हसू बाईंना सहन व्हायचं नाही.

तीनच्या सुमारास किनाऱ्यावर एक बोट लागल्याची खबर आली आणि सगळे तिकडे पळाले. शिंपीण शिवलेली घोंगडी घेऊन शेजारच्या गोदामात गेली. बाई एकट्या उरल्या. समुद्रावरून धुकं चढत आलं, आधी धक्का दिसेनासा झाला, मग फाटक, मग खिडकीपुढचा खांबसुद्धा. डिझेलचा आणि ओल्या लोकरीचा वास खोलीत भरून राहिला. पत्र्यावरून पाणी ओघळत होतं. एवढाच काय तो आवाज.

फोन वाजला.

“आई... आहे का तिथे?” आवाज अगदी बारीक होता. लाईन खराब असेल, असं बाईंना वाटलं. मागे पाणी कशावर तरी हळूहळू आपटत होतं.

“कुणाची आई? फोटोचा नंबर सांग.”

“सतरा.”

बाईंनी सतरा नंबरची फाईल ओढली आणि घाईघाईत पाकीट आधीच फोडलं. उत्तराचा कागद त्यांच्या डोळ्यांसमोर उघडा होता तेव्हा त्यांनी विचारलं, “निघालास तेव्हा आईने तुझ्या खिशात काय घातलं होतं?”

मग आवाज, एकेक अक्षर वाचल्यासारखा, म्हणाला, “लाल... बटण.”

कागदावर तेच होतं. लाल बटण. बाईंना रडूच फुटलं. “अरे राजा! आहेस कुठे तू?”

“बाहेर... काही दिसत नाही.”

“मग ये ना! सरळ ये. मी दिवा लावते.”

“येऊ...?”

“ये म्हणते ना, बाळा!”

फोन बंद झाला. नियम त्यांना आठवला नाही असं नाही. आठवला, आणि त्यांनी तो खुशाल खुंटीला टांगला. शिंपीण दारात दिसताच त्या ओरडल्या, “सापडला गं! तुझा मुलगा सापडला. येतोय!”

शिंपीण मटकन खाली बसली. तिने बाईंचे हात धरले, कपाळाला लावले, हसली, रडली. अकरा महिन्यांचं सगळं तिच्या तोंडावर एकदम आलं. बाईंना वाटलं, जन्माचं सार्थक झालं.

“काय म्हणाला? उत्तर काय दिलं त्याने?”

“बरोब्बर दिलं! लाल बटण.”

शिंपिणीने बाईंचे हात सोडले. ती हळूच म्हणाली, “मी खोटं उत्तर लिहिलं होतं, बाई.”

“म्हणजे?”

“इथली उत्तरं बाहेर फुटतात असं सगळे सांगत होते. म्हणून काहीतरी लिहिलं. मी त्याच्या खिशात काहीच घातलं नव्हतं. तो न सांगता गेला. मी झोपले होते.” “माझा मुलगा म्हणाला असता, आई, तू तर झोपली होतीस...”

मग फोनवर कोण होतं? बाईंनी टेबलावरच्या कागदाकडे पाहिलं. तो त्यांच्याशिवाय कुणीच वाचला नव्हता.

तेवढ्यात दारावर थाप पडली. खालच्या बाजूला, गुडघ्याच्या उंचीवर.

“आई...”

“उघडू नकोस,” बाई पुटपुटल्या. “माझं ऐक... तो तुझा नाही...”

“कळतंय मला.” शिंपीण उठली. “पण अशी हाक ऐकून दार लावून बसायला मी काय दगड आहे? माझा नसेना, कुणाचा तरी असेलच की.”

तिने दार उघडलं. धुकं आत आलं, ती बाहेर गेली. बाई टेबलाची कड घट्ट धरून उभ्या राहिल्या. बाहेर शिंपीण कुणाशी तरी हळू बोलत होती. परत आली तेव्हा तिचा एक हात खाली, जरासा पुढे होता, लहान मुलाचं बोट धरावं तसा.

“एवढासा आहे. चार-पाच वर्षांचा असेल. हात नुसता बर्फ झालाय.”

“मला कुणी... दिसत नाही गं.”

“मला तरी कुठे दिसतोय?” शिंपीण म्हणाली. “आईने बोलावलं म्हणून आलो, म्हणतो. फोनवर जी ‘ये’ म्हणाली, ती.”

ती बाईंजवळ आली, त्यांचा उजवा हात उघडला, त्यात काहीतरी ठेवलं आणि बोटं मिटवली. तिच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच बाईंना जास्त झोंबलं. “बोलावलंत तुम्ही, आता सांभाळा तुम्ही. माझा अजून यायचाय.” तिने शिवणाची पिशवी उचलली आणि ती छावणीच्या दिशेने धुक्यात निघून गेली.

बाईंच्या मुठीत ओली, बारीक बोटं होती. त्यांनी मूठ सोडून पाहिली, तर बोटांनीच त्यांना घट्ट धरलं. सहा वाजता त्यांनी डाव्या हाताने कुलूप लावलं. फाटकाजवळ पाण्याचं डबकं होतं. त्या कडेने चालल्या, पण उजवा हात एकदम वर ओढला गेला आणि खाली आला. कुणीतरी डबक्यावरून उडी मारली होती.

मागे बंद ऑफिसात फोन वाजू लागला.

बाई गर्रकन वळल्या. या वेळेला कुणी फोन करत नसे. “सोड रे, राजा,” त्या काकुळतीला आल्या. “तिचा असेल तो... खराच असेल... एवढा फोन घेऊन येते, सोड...”

हाताची पकड आणखी आवळली.

“मी आलोय ना,” कोपराजवळून आवाज आला.

फोन बराच वेळ वाजत राहिला.