तीन महिन्यांपुरती खोली

चष्म्याचा स्क्रू पडला नसता, तर मी त्याच संध्याकाळच्या गाडीने परत गेले असते.

सकाळपासून सात घरं पाहिली होती. पाहिली म्हणजे काय, सात दारांत उभी राहिले होते. "किती दिवसांसाठी?" "तीन महिने." की दार नाकावर बंद. सगळ्यांना वर्षभर टिकणारा भाडेकरू हवा. सातवा जिना उतरताना चष्म्याची काडी निखळली आणि स्क्रू घरंगळत कुठे गेला, देव जाणे. समोरच चष्म्याचं दुकान होतं, हे माझं नशीब.

"नवीन दिसताय इथे," चष्मेवाला माझी फ्रेम उलटसुलट करत म्हणाला.

"हो. तीन महिन्यांसाठी खोली शोधतेय."

"काम काय करता?"

"खोली मोजते."

त्याने मान वर केली. "शोधायच्या आधी… की नंतर?"

मला हसू फुटलं. "अहो, बंदराची खोली! गाळ काढायच्या आधी तळ किती खोल आहे ते बोटीतून मोजायचं असतं."

"अस्सं होय! मला वाटलं, टेप घेऊन शिरता लोकांच्या घरात. मग कोण देणार जागा?"

चष्म्याविना तो मला नुसता एक निळसर शर्ट दिसत होता. त्याने चष्मा माझ्या नाकावर बसवला, कानामागे अलगद दाबला आणि मग दिसला. भुवईवर बारीकसा व्रण, ओठांच्या कडेला दडवलेलं हसू. दिवसभर लोकांचे डोळे तपासणारा हा माणूस; पण माझी नजर भिडली मात्र, लगेच ड्रॉवरमध्ये काहीतरी शोधायला लागला.

"वर ताईचं घर आहे," तो ड्रॉवरलाच म्हणाला. "ती तीन महिने ट्रेनिंगला गेलीय. पण कोणाला द्यायचं नाही, असं बजावून गेलीय."

"मग मला कशाला सांगताय?"

"तेच… मलाही कळेना."

शेवटी त्याने फोन लावून माझ्या हातात दिला. ताईंनी माझी अर्धा तास उलटतपासणी घेतली. कुंड्यांना पाणी घालशील का, गच्चीचं दार आपटतेस का, एकटीच आहेस का… आणि शेवटी एवढ्या मोठ्याने म्हणाल्या, की दुकानभर ऐकू गेलं, "राहा बाई. आमच्या बंधुराजांनी आजवर कोणासाठी शब्द टाकलेला नाही. मलाही बघायचंय, आहेस तरी कोण!"

त्याचे कान लालबुंद झाले.

घर छान होतं. स्वयंपाकघराच्या खिडकीतून खाऱ्या वाऱ्याबरोबर खालच्या अंगणातला आवाज वर यायचा. रोज सकाळी सातला तो वडिलांना पेपर वाचून दाखवायचा. "नगरपालिकेच्या घड्याळात मधमाश्यांचं पोळं; वेळ दहा मिनिटं मागे." दुसऱ्या दिवशी, "पोपटाने मिटवलं शेजाऱ्यांचं भांडण." मी चहाचा कप हातात धरून ऐकत राहायचे. तिसऱ्या दिवशी मुद्दाम तोच पेपर विकत घेतला. पहिल्या पानापासून शेवटपर्यंत चाळला. पोपटाचं पीसही सापडलं नाही.

आता मला कोण गप्प बसवणार?

"पोपटाची बातमी कितव्या पानावर होती हो?" मी दुकानात जाऊन विचारलं.

त्याच्या हातातला स्क्रूड्रायव्हर पडला.

"बाबांची नजर गेली दोन वर्षांपूर्वी," तो वाकून तो उचलत म्हणाला. "चाळीस वर्षं सगळ्या गावाला चष्मे लावले त्यांनी. पेपर उघडला, की आधी निधनवार्ता वाचायला सांगायचे. एकेक मित्र… एकदा तीन दिवस जेवले नाहीत. तेव्हापासून मीच रचतो बातम्या." मग हळूच, "सांगू नका हं त्यांना."

त्या दिवसापासून मी त्याला रोज संध्याकाळी जिन्यात गाठून बातम्यांसाठी माल पुरवायला लागले. तळाशी दिसलेला गंजका नांगर, बोटीच्या नाकावर बसून फुकट फिरणारा बगळा… आणि जिन्यातल्या त्या दोन मिनिटांसाठी बोटीवर दिवसभर काहीबाही शोधत राहायचे!

एकदा तो गिऱ्हाइकात अडकला होता, म्हणून त्याच्या बाबांना, म्हणजे काकांना, चहा मी नेऊन दिला.

"बस गं," काका म्हणाले. "एक सांगू? मला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे, पोरगा थापा मारतो. चाळीस वर्षं पेपर वाचलाय मी."

"मग ऐकता कशाला?"

"बातमी कोण ऐकतंय? मी आवाज ऐकतो त्याचा. दोन वर्षं ओढून-ताणून वाचायचा. हल्ली…" ते गालात हसले. "हल्ली वरच्या खिडकीला ऐकू जाईल असं वाचतो."

आता कान लाल व्हायची पाळी माझी होती.

बघता बघता ताईंची परतायची तारीख आली.

"मग आता… तुम्ही निघणार," तो काउंटर पुसत म्हणाला. आधीच लखलखत होता तो.

"हो ना. पुन्हा खोली शोधायला हवी."

"कुठल्या गावी?"

"याच. खाडीचं काम निघालंय, वर्षभराचं. दुसरी टीम येणार होती… मी मागून घेतलं."

फडकं थांबलं. "चला," तो म्हणाला, "मी येतो बरोबर."

पहिलं घर हवेशीर, सुरेख. "लांब आहे," तो म्हणाला. दुसरं दोन गल्ल्या सोडून. "लांबच पडेल." तिसरं तर दुकानाच्या थेट समोर! घरमालकीण किल्ली घेऊन उभी.

"हेही जरा… लांबच," तो पुटपुटला.

"अहो, रस्ता ओलांडला की झालं! लांब कशापासून?"

तो खिडकीबाहेर बघत राहिला. मग वळला, आणि या वेळी त्याने नजर चुकवली नाही.

"माझ्यापासून," तो म्हणाला. "तू इकडे, मी तिकडे… मला नाही जमणार."

तू! पहिल्यांदाच.

"तुमचं आधी ठरवा बाई," घरमालकीण वैतागली. "घर हवंय की नकोय?"

"हवंय," मी म्हणाले. त्याचा चेहरा खर्रकन उतरला. मी किल्ली घेतली आणि त्याच्याकडे बघून म्हटलं, "लग्न होईपर्यंत मुलीने थोडं लांबच राहिलेलं बरं असतं."

घरमालकीण आधी हसली. त्याला कळायला क्षणभर उशीर झाला. मग मात्र त्याने माझा हात असा घट्ट धरला, की मुठीतली किल्ली रुतली… आणि काकांना सांगायला आम्ही दोघं रस्ता न बघताच पळत सुटलो.