मध्ये एक होडी

"होडी पाण्यात लेकीसारखी गं, जमिनीवर मात्र जावयासारखी! पाण्यात नुसतं बोट लावलं की पळते, जमिनीवर आली की रुसून बसते. मग घ्या उचलून!"

आजोबांचा हा आवाज तिने ऐकला तेव्हा तिचं डोकं होडीच्या काठालाही पुरत नव्हतं. पुढे आजोबा गेले, होड्या राहिल्या, आणि होड्यांचं ते जमिनीवरचं रुसणंही तिच्याच वाट्याला आलं. कारण होड्यांची शेड होती रस्त्याच्या वरच्या अंगाला आणि तळं होतं खाली. मध्ये गल्ली, गल्लीच्या शेवटी चढ, चढापलीकडे उतार, आणि उताराच्या पायथ्याशी लाकडी धक्का. छोट्या, एकट्याने वल्हवायच्या कयाक ती खांद्यावर टाकून नेई. पण चौघांना पोटात घेणारी ती लांबलचक कॅनू! तिला सकाळी गिऱ्हाइकांसाठी खाली न्यायचं आणि संध्याकाळी वर आणायचं म्हणजे गाडा हवाच.

गाडा तरी कसला... आजोबांनी मोडक्या बाबागाडीची दोन चाकं एका लोखंडी दांड्यावर बसवली होती. तो प्रकार होडीच्या पोटाखाली सरकवायचा, पट्ट्यांनी आवळायचा आणि होडीचं पुढचं टोक धरून ओढत सुटायचं. त्यातलं एक चाक तळ्याकडे निघालं की दुसऱ्याला हमखास माहेरची आठवण येई.

अशाच एका भुरभुर पावसाच्या सकाळी, चढावर, तिचा पाय घसरला. हातातलं टोक सुटलं आणि होडी उलट्या पावली निघाली, थेट कोपऱ्यावरच्या नव्या चष्म्याच्या दुकानाकडे. आत एक तरुण चष्मेवाला स्टुलावर चढून भिंतीवर अक्षरांचा तक्ता लावत होता. त्याने वळून पाहिलं आणि स्टुलावरून उडीच टाकली.

"अहो! अहो बाई, तुमची होडी माझ्या दुकानात येतेय!"

"मग 'या, बसा' म्हणा तिला! नाहीतर ढकला!"

त्याने उंबऱ्यावर पाय रोवून होडीचं मागचं टोक छातीशी धरलं. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, केसांवर पावसाचे बारीक थेंब. धापा टाकत म्हणाला,

"आज दुकानाचा पहिलाच दिवस. मला वाटलं, पहिलं गिऱ्हाईक आलं."

"गिऱ्हाईकच आहे. समोरचं दिसत नाही बिचारीला, म्हणून तर उलटी आली."

"मग सोडून कसं चालेल? तपासायलाच हवी..." असं म्हणत त्याने होडी जी ढकलायला घेतली, ती धक्क्यापर्यंत ढकलली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो शेडच्या दारात हजर.

"व्यायाम होतो," तो म्हणाला.

"हो का? मग होडी घेऊनच चढ दोनदा चढा ना. दुप्पट होईल."

तो रोज येऊ लागला. ती पुढे, तो मागे, मध्ये एक होडी. तिला तो दिसत नसे, त्याला दिसे ती तिची हलणारी वेणी. आणि कसं कोण जाणे, पण त्या होडीच्या लांबीवरून दोघांच्या गप्पा अशा रंगत की बाजूने जाणारा सायकलवाला वेग कमी करून ऐकत जाई.

"काल एक आजी आल्या. मी विचारलं, वरची ओळ दिसते का? म्हणाल्या, ओळ दिसते रे बाबा, पण तुझं लग्न झालंय का ते दिसत नाही."

"मग काय सांगितलंत?"

"म्हटलं, आजी, डावा डोळा झाका."

ती खळखळून हसली की होडीही थरथरे, जणू तिलाही विनोद कळला.

पण चढ संपला की सगळं बिनसे. उतारावर होडीचा भार अंगावर येई, म्हणून तिला गर्रकन वळून, मागे मागे पावलं टाकत, टोकाला रेटा द्यावा लागे. म्हणजे दोघं समोरासमोर! मग जी शांतता पसरे... चाकांचं कुरकुरणं तेवढं ऐकू येई. दिवसभर लोकांच्या डोळ्यांत उजेड पाडून बघणारा तो माणूस चाकाकडे टक लावून चाले. आणि गल्लीत कुणाला दोन शब्द न सुनावता पुढे न जाणारी ती त्याच्या शर्टाच्या तिसऱ्या बटणाशी मुक्याने बोलत राही. एकामागोमाग चालत जगभराचं बोलणाऱ्या दोन तोंडांना समोरासमोर आली की जणू कुणी पट्टे आवळत असे.

दिवस असे होडीसारखे सरकत असताना एक दिवस तिचे काका शेडमध्ये आले ते एक भलं मोठं खोकं घेऊन. खोक्यातून निघाला नवाकोरा गाडा. फुगीर रबरी चाकं, मऊ गाद्या, रुंद पट्टे. काकांनी तो कॅनूखाली बरोब्बर मध्यावर बसवला, पट्टे आवळले आणि मिशीला पीळ दिला.

"बघ! मध्यावर बसवला की भार दोन्हीकडे सारखा. एका बोटाने ओढ! आता तुला कुणाची गरज नाही."

तिने एका बोटाने ओढलं. होडी लोण्यावरून सुरी जावी तशी सरकली.

"मागे... मागे माणूस लागेलच ना पण?"

"कशाला? त्या बिचाऱ्या चष्मेवाल्याचा जीव सुटला म्हण. भल्या माणसाला किती राबवायचं?"

तेवढ्यात तो भला माणूस दारात उभा. सगळं ऐकलेलं. त्याने चाकावरून हात फिरवला.

"छान आहे. म्हणजे... एकटीला जमेल आता."

"हो. जमेल."

"उद्या एकदा येतो. कसा चालतो ते बघायला."

"या की. एकदा."

त्या 'एकदा'ने तिची झोप उडवली. उद्या येईल, बघेल, 'वा' म्हणेल, आणि परवापासून कोपऱ्यावरच्या दुकानात काचा पुसत बसेल. कशाच्या निमित्ताने बोलवायचं त्याला? तिचे डोळे तर लख्ख होते. गल्लीच्या टोकावरची पाटी वाचता येत होती, हेच मेलं दुर्दैव!

सकाळी ती लवकर शेडमध्ये गेली. इकडे बघितलं, तिकडे बघितलं, पट्टे सैल केले आणि गाडा वीतभर पुढे सरकवला. आता होडीचं मागचं टोक जमिनीला टेकेल. ते उचलायला माणूस लागेल. काका कितीही मिशी पिळोत, माणूस लागणारच! पट्टे आवळून, निरागस चेहरा करून ती आत वल्ही आणायला गेली.

बाहेर आली तर तो आलेला. रुमालाला हात पुसत होता.

"निघायचं?"

"निघायचं. आज जरा जडच जाईल हं... नवीन आहे ना."

"हो हो, नवे गाडे जडच असतात," तो चटकन म्हणाला.

तिने टोक धरून जोर लावला आणि तोंडावर आपटता आपटता वाचली. होडी फुलासारखी निघाली! एवढी वीतभर कारागिरी केली ती गेली कुठे? पण आता माघार कशी घ्यायची? ती कण्हली, "आई गं..."

मागून उत्तर आलं, "हुश्श... फारच जड बुवा!"

"कंबर गेली माझी."

"माझे खांदे निखळले."

चढ लागला तेव्हा तिला राहवलं नाही. तिने मान वळवून पाहिलं. खांदे निखळलेला माणूस दोन्ही हात खिशात घालून होडीच्या मागे निवांत चालत होता.

"अहो! हात कुठायत तुमचे?"

"आणि तुम्ही काय करताय? 'आई गं' म्हणताय आणि दोन बोटांनी ओढताय!"

चढाच्या माथ्यावर दोघं थांबली. तिने वाकून होडीखाली पाहिलं. गाडा बरोब्बर मध्यावर.

"असं कसं झालं? मी तर वीतभर पुढे सरकवला होता!"

"तुम्ही?" त्याचा चष्मा घसरला. "मी आल्या आल्या तो वीतभर मागे सरकवला!"

मग दोघं इतकी हसली, इतकी हसली, की होडीच्या काठाला धरूनच उभं राहावं लागलं.

"का पण?" तिने डोळे पुसत विचारलं.

"तुम्ही का?"

"मी आधी विचारलंय."

उतार सुरू झाला, ती सवयीने वळली आणि पुन्हा समोरासमोर. नव्या चाकांना कुरकुरणंही माहीत नव्हतं, त्यामुळे शांतता आणखीच मोठी झाली. पण आज तो चाकाकडे बघत नव्हता.

"मला वाटलं... पुढचं टोक जड झालं तर तुम्ही हाक माराल," तो म्हणाला. "रोज माराल."

तिचा चेहरा कानापर्यंत तापला. घशाशी शब्दांची ही गर्दी झाली, पण एकही बाहेर पडेना. धक्का आला. तो थांबला. वाट बघत राहिला.

"आणि तुमचं काय?"

"पट्टे..." ती पुटपुटली. "पट्टे सोडायला हवेत."

त्याने मान हलवली. पट्टे सोडले, गाडा बाजूला घेतला, होडी पाण्यात सरकवली. चष्मा काढून पुसला, पुसलेलाच पुन्हा पुसला.

"बरं... येतो मी. दुकान उघडायचंय."

आणि निघाला. ती धक्क्यावर तशीच उभी. हा एकदा का त्या माथ्यापलीकडे गेला की उद्या इथे यायला त्याला कारण उरणार नाही. कारण आत्ता तिच्या जिभेवर होतं आणि जीभ मेली टाळ्याला चिकटली होती. ती त्याच्याकडे बघत राहिली. त्याची पाठ तिने आजवर अशी निरखून पाहिलीच नव्हती! एका बाजूने दुमडलेली कॉलर, डोक्यावर उभा राहिलेला एक हट्टी केस... आणि काय नवल, ती पाठ दिसताच घशातली गर्दी सुटली.

"अहो चष्मेवाले! थांबा! पण वळू नका!"

तो जागच्या जागी थिजला. "का?"

"वळलात की माझी वाचा बसते म्हणून! तसेच उभे राहा, चढाकडे तोंड करून."

"चढावर तुमचे काका उभे आहेत."

खरंच होते. नवा गाडा कसा चालतो ते बघायला आलेले, हातात चहाचा कप.

"काका, तुम्ही पण वळा!"

"अगं, पण मी गाडा..."

"वळा म्हणते ना!"

काका वळले. चहा हिंदकळला. उतारावर आता दोन पाठी, आणि खाली एकटी ती. तिने पदर नसूनही पदर खोचल्यासारखा कंबरेवर हात ठेवला आणि एक मोठा श्वास घेतला.

"मी गाडा सरकवला, कारण मला तुम्ही रोज हवे आहात! होडी असो, नसो... गाडा हलका असो, जड असो... उतारावर एक शब्द बोलला नाहीत तरी चालेल, पण या! मला तुम्ही आवडता. त्या दुकानात होडी शिरली ना, त्या दिवसापासून आवडता. झालं, सांगितलं! आता वळा... काका, तुम्ही नाही!"