शेळीला सांगितलेला निरोप

"दादा, तू माह्या लेकरायच्या तोंडचा घास घाटात उलटवला!..." गोविंदाचा आवाज फाटला, आणि आत शालूबाईनं गाळत असलेला चहा कपाबाहेर सांडला. बाहेर ओट्यावर तिचा नवरा कारभारी बसला होता. कपाळाला पट्टी, हात गळ्यात, आणि चेहऱ्यावर असा अपराधी भाव, जणू घाटातलं ते वळणसुद्धा त्यानंच बांधलं होतं.

उंद्रीतल्या या दोन भावांच्या वाटणीत थोरल्याला घोडा मिळाला होता आणि धाकट्याला ट्रेलर. घोडा म्हणजे ट्रेलर ओढणारं पुढचं इंजिनाचं धूड. घोड्याशिवाय ट्रेलर हलत नाही आणि ट्रेलरशिवाय घोड्याला कमाई नाही. तरी शालूबाईच्या मामंजींना ही वाटणी अत्यंत न्यायाची वाटली. घरात शिवणयंत्र नव्हतं हे नशीब, नाहीतर सुई एकीकडे आणि पायडल दुसरीकडे गेलं असतं. मग कारभारी भावाचा ट्रेलर भाड्यानं ओढू लागला, आणि दोन्ही चुली त्यावर पेटू लागल्या.

पेटल्या नाहीत त्या फक्त जावांच्या गप्पा. शालूबाई आणि गोविंदाची बायको पुष्पांजली यांच्यात अबोला होता. त्याचं कारण दोघींनाही आठवत नव्हतं, म्हणून तो मिटवताही येत नव्हता. अडल्यानडल्याला शालूबाई आपल्या शेळीशी बोलायची, मोठ्यानं. मधल्या बुटक्या भिंतीपलीकडे पुष्पांजली ऐकायची आणि आपल्या कोंबड्यांना उत्तर द्यायची. गावाला यात काहीच वावगं वाटत नसे.

गेल्या महिन्यात विमा एजंट राजकुमार येऊन कारभारीला बजावून गेला होता, "घोड्याचा विमा येगळा, ट्रेलरचा येगळा. ट्रेलरचा संपून राह्यला. त्याले मालकाचीच सही लागते." दुसऱ्याच दिवशी पहाटे मलकापूरला निघताना कारभारी शालूबाईला म्हणाला होता, "पुष्पाले सांगजो वं, गोविंदाले राजकुमारकडं धाड म्हणा."

आणि शालूबाईनं सांगितलं... शेळीला! पलीकडे मिक्सर घरघरत होता. निरोप पोचला की नाही हे विचारायचं तर अबोला मोडावा लागला असता. कारभारीनं फोनवर "सांगतलं?" विचारलं, तेव्हा "हाव, सांगतलं" म्हणून ती मोकळी झाली. खोटं नव्हतंच ते! शेळी साक्षीला होती.

आणि परवा कापसाच्या गठाणींसकट ट्रेलर उलटला. घोड्याला विमा होता. ट्रेलरला फक्त लिंबू-मिरची!

"काऊन नाई सांगतलं तू मले?" गोविंदा विचारत होता. "एक शबुद! धावत गेलो असतो सही कराले!"

कारभारीनं क्षणभर आतल्या दाराकडे पाहिलं. शालूबाई दाराआड सरकली. आता नाव घेतील... घ्यावंच त्यांनी!...

"इसरलो," कारभारी खाली मान घालून म्हणाला. "माहीच चूक हाय. घोडा तुह्या नावावर करून देतो, गोविंदा."

मग मात्र शालूबाईच्या अंतःकरणाचा बांध फुटला! कोणाच्या पापाचं ओझं हा देवमाणूस मुकाट्यानं ओढत होता... परक्याचा ट्रेलर ओढावा तसं! ती धावत ओट्यावर आली आणि दिराच्या पुढ्यात बसली.

"भावजी, ते नाई इसरले... मी इसरली! नाई, इसरली बी नाई... शेळीले सांगतलं मी! तुमच्या बायकोशी बोलाले माही जीभ झिजत होती! घोडा घ्या, घर घ्या, पर यायले बोल लावू नका!..."

शेळी आपलं नाव निघाल्यानं रवंथ थांबवून पाहू लागली.

तेवढ्यात भिंतीपलीकडून हुंदका आला. पुष्पांजली पदर तोंडाशी धरून उभी होती. सवयीनं ती कोंबड्यांकडे वळली, "त्यायले सांगा का..." आणि थांबली. मग भिंतीवर दोन्ही हात ठेवून सरळ शालूबाईकडे बघत म्हणाली,

"जाऊबाई, मले ऐकू आलं होतं! तुमी शेळीशी बोलाले लागल्या का मी मिक्सर चालूच ठेवून भिंतीले कान लावतो... कधीचाच! समदं ऐकलं मी. पर यायले कशी सांगू? इचारलं असतं, कोन सांगतलं? मंग तुमचं नाव घ्या लागलं असतं... अन् तुमचं नाव मी घेणार नाई अशी मी शपथ घेतली होती वं!..."

गोविंदा बायकोकडे पाहतच राहिला. मग हळूच थोरल्या भावाशेजारी टेकला. त्याच्या गळ्यातला हात त्यानं अलगद आपल्या मांडीवर घेतला. "दुखते काय बे दादा?" त्यानं विचारलं. तीन दिवसांत हे कोणीच विचारलं नव्हतं.

"नाई," कारभारी म्हणाला, आणि लहान पोरासारखा रडला.

घोडा कोणाच्याच नावावर झाला नाही. दादाचा हात बरा होईस्तोवर गोविंदा तो चालवणार, आणि मलकापूरच्या एका व्यापाऱ्याचा ट्रेलर भाड्यानं ओढणार असं ठरलं. राजकुमार आला आणि म्हणाला, "हा तं परक्याचा ट्रेलर. याच्या इम्याचं मालकाले कोन इचारन?"

"मी!" दोन्ही जावा एकदम म्हणाल्या, आणि एकमेकींकडे पाहून ओशाळल्या.

भिंतीतल्या चार विटा त्याच आठवड्यात निघाल्या. शालूबाई अजून कधी कधी अपराधी मनानं शेळीला जरा जास्तीचा पाला घालते. बिचारीशी आता कोणीच बोलत नाही.