कॅमेऱ्याच्या उजव्या अंगाला

अंबडला कोर्टासमोरच्या गल्लीत देवानंदचा फोटो स्टुडिओ होता. पासपोर्ट फोटो, लग्नं, बारशी यांवर दुकान बरं चालायचं. पण पाच-सहा वर्षांपासून त्याच्या डोक्यात एक वेगळंच काम घोळत होतं. तमाशातल्या बायकांचे फोटो सगळेच काढतात. शालू, गजरा, एक हात कमरेवर. त्याला त्याच बायका दिवसाउजेडी, तोंडाला रंग नसताना, आईबापांजवळ, लेकरांजवळ बसलेल्या हव्या होत्या. काळ्यापांढऱ्यात आणि भिंतीवर लावण्याएवढ्या मोठ्या. औरंगाबादच्या एका कलादालनानं त्याला वैशाखात जागा द्यायचं कबूल केलं होतं.

१९९६ च्या फेब्रुवारीत सुगंधाबाई केदारखेडकरांचा फड अंकुशनगरला उतरला. साखर कारखान्याचा गाळप हंगाम ऐन भरात होता. वसाहतीपलीकडच्या मोकळ्या रानात मोठा तंबू, मागं दहा-बारा राहुट्या आणि फडाचे दोन ट्रक. हवेत मळीचा आंबूस वास, आणि चिमणीतून उडालेली काळी राख दोरीवरच्या कपड्यांवर येऊन बसायची.

"तोंडाला काहीच लावायचं न्हाई?" सुगंधाबाईंनी विचारलं. पन्नाशीची, अंगानं भरलेली, शब्द मोजून बोलणारी बाई. "मंग बघंल कोण आम्हाला?"

"तेच बघायचंय लोकांना, बाई."

"बघा बाबा. दहाच्या पुढं या. त्याआधी इथं कुणी उठत न्हाई."

पहिल्या दिवशी नंदाबाईच्या घरचे बसले. नंदा ही फडातली मुख्य नाचणारी, सव्वीस-सत्तावीसची. तिचा भाऊ संपत ढोलकी वाजवायचा. आई तुळजाबाईनं एके काळी हाच फड गाजवला होता. आता तिच्या घशात गाठ होती, आणि औरंगाबादच्या डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं होतं. पण फड हेच तिचं घर.

देवानंद कॅमेऱ्याचं तिकाटणं लावत होता तेव्हा नंदा त्याच्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, "दादा, आईचा एकबी फोटो न्हाई आमच्यापाशी. पोस्टरवरचा हे. पण त्यात ती आई न्हाई दिसत."

"मी काढतो," देवानंद म्हणाला. आणि त्याला ते मनापासून करायचं होतं.

त्याचा कॅमेरा जुना, दोन भिंगांचा. पोटाशी धरायचा आणि मान खाली घालून वरच्या काचेत बघायचं. त्या काचेत डावं-उजवं उलटं दिसतं. कनातीचा एक पडदा वर बांधून त्यानं मऊ उजेड आत घेतला. तिघं पत्र्याच्या पेटीवर बसली. काचेत तिघांचेही डोळे सरळ भिंगात होते. त्यानं बारा फोटो काढले आणि दुपारच्या एस.टी.नं अंबड गाठलं.

संध्याकाळी हायपोच्या द्रावणातून फोटो बाहेर काढले तेव्हा त्याला स्वतःचाच राग आला. एकाही फोटोत एकही माणूस भिंगात बघत नव्हतं. तिघांची नजर देवानंदच्या उजव्या हाताला, कुठंतरी चार-पाच हातांवर होती. कुणी येऊन उभं राहिलं असेल, असं त्यानं मनाशी म्हटलं. पण उजव्या हाताला तर कनातीला लागून हार्मोनियमच्या पेट्यांची उतरंड होती. तिथं उभं राहायला जागाच नव्हती.

दुसऱ्या दिवशी त्यानं सगळी काळजी घेतली. त्या दिवशी फडातली दुसरी नाचणारी, बेबीनंदा, होती, तिची सासू आणि मांडीवर आठ महिन्यांचं लेकरू. बेबीनंदाच्याच कपाळाची लाल टिकली घेऊन त्यानं भिंगाच्या खाली चिकटवली.

"टिकलीवरून नजर हलवायची न्हाई. बराबर?"

"बराबर," बेबीनंदा हसली.

प्रत्येक फोटोआधी तो मान वर करून स्वतःच्या डोळ्यांनी खात्री करत होता. लेकरासाठी भिंगापुढं किल्ल्यांचा जुडगा वाजवत होता. सगळे टिकलीकडं बघत होते. शेवटी नंदाचं कुटुंब त्यानं पुन्हा बसवलं, पुन्हा तशीच खात्री केली.

घरी जाऊन फोटो धुतले. सगळ्यांची नजर पुन्हा उजवीकडंच.

मग तो हिशेबी माणसासारखा बसला. भिंग घेतलं, पेन्सिल घेतली, आणि प्रत्येक बुबुळातून सरळ रेघ ओढली. सासू मागं उभी होती, तिची नजर किंचित खाली होती. लेकरू खाली होतं, त्याची नजर वर होती. साऱ्या रेघा एका ठिकाणी येऊन मिळत होत्या. जमिनीपासून साडेचार फुटांवर. आदल्या दिवशीच्या फोटोंवरही त्यानं रेघा ओढल्या. उंची तीच. फक्त आदल्या दिवशी ती जागा कॅमेऱ्यापासून पाच हातांवर होती. आज दोन हातांवर होती.

मोठी माणसं मस्करी करतील. आठ महिन्यांचं लेकरू कसं करेल?

कॅमेऱ्यातच खोट असेल म्हणून सकाळी त्यानं बायकोला, दुर्गाला, अंगणात उभं केलं आणि चार फोटो घेतले. चारही फोटोंत दुर्गा सरळ त्याच्याकडं बघत होती, जरा वैतागून.

तो फोटोंचं पाकीट घेऊन फडावर गेला आणि राहुटीत सुगंधाबाईंसमोर बसला. त्यांनी एकेक फोटो पाहिला आणि प्रत्येक फोटो उताणा न ठेवता पालथा ठेवला.

"सगळी तर भिंगात बघत होती," त्या म्हणाल्या.

"मी पण पाहिलं. भिंगातच बघत होती सगळी."

बाहेर कुणीतरी घुंगरांची वादी शिवत होतं. सुगंधाबाईंनी विचारलं, "देवानंदभाऊ, तुमच्या उजव्या अंगाला तुम्हाला काही वाटलं का?"

"न्हाई."

"वाटणार न्हाई. तुम्ही खाली बघता ना." त्यांनी पाकीट त्याच्याकडं सरकवलं. "झाले तेवढे बास झाले. आता नका काढू."

"का पण, बाई?"

"का म्हणून ते मलाबी न्हाई ठावं. इतकंच सांगते, आमचे असे फोटो काढणारं कुणी दुसऱ्यांदा येत न्हाई. तुम्ही तिसऱ्यांदा आलात."

तो उठलाच होता. पण दारात नंदा उभी होती, आणि तिनं सगळं ऐकलं होतं.

"आईला आज पाणीबी गिळंना झालंय," ती म्हणाली. "एक काढा दादा. फक्त आमचा दोघींचा. ती माझ्याकडं बघितल्यासारखा."

सुगंधाबाईंनी तोंड फिरवलं. पण नको म्हणाल्या नाहीत.

देवानंदनं जागा बदलली. राहुटीत न काढता बाहेर, ट्रकच्या सावलीत. तिकाटणं त्यानं ट्रकच्या फळीला इतकं चिकटून लावलं की त्याचा उजवा खांदा फळीला घासत होता. फळी आणि तो, मधे वर्तमानपत्राची घडीही मावली नसती. समोर बाजेवर तुळजाबाई, तिला टेकून नंदा. दोघींच्या मागं पांढरी सतरंजी ताणलेली. अकरा वाजले होते, आणि उजेड सुरेख होता.

"मावशी, इकडं बघा. भिंगात."

तुळजाबाईनं पाहिलं. त्यानं मान खाली घातली.

काचेत दोघी स्पष्ट होत्या. तुळजाबाईच्या गालाची हाडं, पदराची सुरकुती, नंदाच्या बोटातली चांदीची अंगठी. दोघींची नजर मधोमध.

मग नजर सरकली. काचेत डावीकडं. म्हणजे त्याच्या उजवीकडं.

पहिल्यांदाच तो हे घडताना बघत होता.

त्या त्याच्या खांद्याकडं बघत होत्या. तिथं फळीच होती.

त्याच्या उजव्या कानाला ऊब लागली. काचेत काय दिसतंय ते बघायला कुणी वाकावं, तशी.

काचेच्या उजव्या कोपऱ्यात वाफ धरली. नाण्याएवढी. विरली. पुन्हा धरली.

त्यानं स्वतःचा श्वास रोखला.

वाफ धरली. विरली. पुन्हा धरली.

त्यानं मान वर केली नाही. करवली नाही.

तेव्हा तुळजाबाई बोलली. चार दिवसांत कुणाशी धड न बोललेली ती बाई, फाटक्या आवाजात, अगदी घरच्या माणसाला सांगावं तसं म्हणाली, "सरक गं बाजूला. काढू दे त्याला."

वाफ विरली. पुन्हा आली नाही.

काचेत दोघींची नजर हळूहळू हलली. कडेला गेली नाही. मधोमध आली.

त्यानं बटण दाबलं.

"कुणाला म्हणली गं आई?" नंदानं विचारलं.

"कुणाला न्हाई." तुळजाबाईनं डोळे मिटले. "निघाला का फोटो?"

फोटो निघाला होता. देवानंदनं जन्मात असा दुसरा काढला नाही. आई आणि मुलगी, दोघी सरळ भिंगात बघणाऱ्या, डोळ्यांत कसलीच भीती नाही, उलट एक जुनी ओळख. वैशाखात कलादालनात त्यानं तो एकच लावला. बाकीचे दिलेच नाहीत. लोक फोटोसमोर थांबायचे आणि म्हणायचे, कुठूनही बघा, बाई आपल्याकडंच बघती. नंदाची प्रत त्यानं मार्चमध्येच फडाच्या पत्त्यावर पाठवली होती.

जूनमध्ये पोस्टकार्ड आलं. अक्षर संपतचं होतं, मजकूर नंदाचा. आई गुढीपाडव्याच्या दुसऱ्या दिवशी गेली. फोटो ट्रकमधे पुढं लावला आहे. आई सारखी माझ्याकडं बघती. खाली आणखी दोन ओळी होत्या. फडात आता सगळ्यांना शांत झोप लागती, सुगंधाबाई म्हणतात अशी झोप कैक वर्षांत लागली न्हाई. तुमची तब्येत कशी आहे ते जरूर कळवा.

देवानंदची तब्येत ठणठणीत होती. धंदाही वाढला होता. एक गोष्ट त्याच्या ध्यानात यायला मात्र पावसाळा उलटावा लागला. स्टुडिओत आता कुणाला "इकडं बघा" म्हणावं लागत नव्हतं. रडणारी पोरं खुर्चीवर बसवली की चूप व्हायची आणि टक लावून भिंगाकडं बघायची. अंबडमध्ये नाव झालं, लेकरांचे फोटो काढावेत तर देवानंदनं. तो बरं म्हणायचा. दुर्गाला त्यानं काही सांगितलं नाही. तिचा फोटोही पुन्हा काढला नाही.

दिवाळीनंतर पुंजाराम नावाचा एक म्हातारा आला. शहागडकडचा, जन्मापासून आंधळा. निराधारांच्या पगाराच्या अर्जाला फोटो हवा होता. त्याची बायको अर्ज लिहून घ्यायला कोर्टापुढं बसली होती. देवानंदनं त्याला हाताला धरून स्टुलावर बसवलं, मागं जाऊन कॅमेऱ्याशी उभा राहिला आणि मान खाली घातली. म्हाताऱ्याचं तोंड छातीवर पडलं होतं. बसा जरा ताठ, असं तो म्हणणार तेवढ्यात चेहरा आपोआप वर आला आणि नीट सरळ झाला. देवानंदनं फोटो घेतला.

"झालं बाबा. परवा घेऊन जा."

पुंजाराम स्टुलावरून उठला नाही. हनुवटी चाचपत बसला.

"मालक, तुम्ही कुठून बोलून राह्यले?"

"हा काय, कॅमेऱ्यापाशी. का हो?"

"तसं न्हाई," म्हातारा म्हणाला. "मंग माझी हनवटी अजून कोणी धरून ठिवलीय?"