तिसऱ्या मजल्यावरून परत येणारी पाटी

“बाम्बेर्ग! ठरलं म्हणजे ठरलं!” स्वेन्याने नकाशावर इतक्या जोरात हात आपटला, की सफरचंदाच्या सरबताचा पेला डुचमळला.

“तू कोण ठरवणारी? मला ल्युबेकलाच जायचंय. तिथे जहाजं आहेत!” लोरेन्झने गाल फुगवले. तो नऊ वर्षांचा होता आणि बहीण बारा वर्षांची असल्याचा त्याला रोज नव्याने राग यायचा.

“ल्युबेक?” खिडकीत बसलेला देनिझ हसला. तळमजल्यावर राहणाऱ्या देनिझचे बाबा ट्राम चालवत. त्यामुळे जगातल्या सगळ्या गाड्यांचं आपल्याला कळतं, असं तो धरूनच चालायचा. “अरे, स्टुटगार्टहून शुक्रवारी दुपारी निघालात आणि वाटेत एक गाडी चुकली, तर शनिवारी सकाळी हॅनोवरच्या फलाटावर ब्रेत्झेल पाव चावत बसाल. रविवारी परत यायचंय ना? बाम्बेर्ग जवळ आहे. न्युर्नबेर्गला एकदाच गाडी बदलायची की झालं!”

“आणि तिथे नदीच्या मधोमध नगरपालिकेची जुनी इमारत आहे,” स्वेन्या म्हणाली.

“मधोमध? मग ती बुडत कशी नाही?”

“तेच बघायला चल!”

लोरेन्झ विचारात पडला, म्हणजे भांडण संपलं. स्वेन्याने हळूच श्वास सोडला. गेले पंधरा दिवस ती या सहलीच्या मागे होती. गाड्या तिने शोधल्या, नदीकडे खिडकी असलेली खोली तिने शोधली. पथिकाश्रमाच्या मालकीणबाईंनी खोली उद्या, रविवारी संध्याकाळपर्यंत राखून ठेवायचं कबूल केलं होतं. तोपर्यंत आईने फोनवर ‘हो’ म्हणायचं, एवढंच उरलं होतं. आई इस्पितळात परिचारिका. नाताळच्या आधी तिला पूर्ण सुट्टीचा पुढचा एवढाच एक शनिवार-रविवार मिळत होता. तुला कुठे जायचंय, असं स्वेन्याने तिला विचारलं तेव्हा ती डोळे मिटून म्हणाली होती, “जिथे कोणी हाक मारली तरी मला उठावं लागणार नाही, अशा कुठल्याही गावाला.”

तेवढ्यात दार उघडलं. आई आत आली. एका हातात झाडू, दुसऱ्या हातात ओल्या पानांची पिशवी. फुटपाथ, दारापुढचं अंगण, तळघराचा जिना, सगळं झाडून झालं होतं. ती बूट न काढताच खुर्चीवर बसली. असं ती कधी करत नसे.

“झालं का ग, आई?”

“झालं. पण सहलीचं राहू दे या वेळी, स्वेन्या.”

लोरेन्झच्या हातातली पेन्सिल पडली. “का? आत्ताच तर मी ऐकलं हिचं!”

“झाडपाळी,” आई म्हणाली.

या इमारतीत ते कोणाला समजावून सांगावं लागत नसे. पाच मजले, पाच घरं आणि एक लाकडी पाटी. ज्याच्या दाराच्या मुठीला पाटी, त्याने त्या आठवड्यात सगळ्या इमारतीची झाडलोट करायची, शनिवारचं झाडून झालं की पाटी वरच्या दाराला टांगायची. सगळ्यात वरच्याकडून ती पुन्हा तळमजल्याला. स्वेन्याचं घर दुसऱ्या मजल्यावर. पण सलग तिसरा आठवडा पाटी त्यांच्याच दारावर होती!

“आज टांगू आणि रविवारी ती परत आपल्या दारावर दिसेल,” आई म्हणाली. “मग पुढच्या शनिवारी मी इथेच हवी. पानं ओली आहेत, कोणी घसरलं तर? पहिल्या मजल्यावरच्या फ्लायडररबाई आत्ताच जिन्यात म्हणाल्या, तुमच्या दारावरून पाटी हलतच नाही, कामं वेळेवर होत नाहीत वाटतं!”

“पण तू टांगतेस ना वर?”

आईने कपाळ चोळलं. “टांगते बहुतेक. खरं सांगू? मलाच आठवत नाही ग. रात्रपाळीहून येते, झाडते, निजते. मागच्या रविवारी पाटी दारावर बघितली आणि वाटलं, वर गेलेच नसेन मी. गेल्याचं स्वप्नच पडलं असेल. माझ्या डोक्याचं काही खरं नाही. परवा तर औषधाचा ट्रे मी तीनदा तपासला, स्वतःवर विश्वासच बसेना.”

ती हसली. स्वेन्याला ते हसू मुळीच आवडलं नाही. आईच्या डोळ्यांखालची निळसर सावली ती रोज सकाळी बघायची, कालच्यापेक्षा गडद आहे का फिकी, ते मनात ठेवायची. पण आज पहिल्यांदाच तिला सावलीपेक्षा जास्त भीती वाटली. दमलेली आई तिला माहीत होती. स्वतःला घाबरणारी आई तिने पाहिली नव्हती.

“चल, आज मी येते बरोबर,” ती म्हणाली.

दोघी तिसऱ्या मजल्यावर गेल्या. आईने पाटी मुठीला अडकवली. स्वेन्याने ती ओढून पाहिली. घट्ट होती!

आई रात्रपाळीला निघाली. तिच्या रात्रपाळीला दोघं भावंडं देनिझकडेच झोपत. त्याच्या आईने केलेलं मसूरडाळीचं सूप ओरपताना तिघांची खलबतं सुरू झाली.

“तिसऱ्या मजल्यावर राहतं कोण?” स्वेन्याने विचारलं.

“क्लेट यांचा भाचा,” लोरेन्झ म्हणाला. “क्लेट म्हणतात तसं.”

“घर क्लेट यांचं, ते राहतात दुसरीकडे. भाच्याला पाहिलंय कोणी?”

देनिझने नकारार्थी मान हलवली. लोरेन्झचं तोंड सुपाने भरलं होतं.

“मी ऐकलंय,” देनिझ म्हणाला. “म्हणजे त्याच्या बॅगेची चाकं ऐकलीत. जिन्यावर खडखड! शुक्रवारी वर, रविवारी खाली. दर आठवड्याला. फार फिरतो बाबा!”

“आणि एकदा निळी बॅग होती, एकदा लाल,” लोरेन्झ म्हणाला. “मागच्या वेळी तर भाच्याला लिपस्टिक होती.”

दोघंही त्याच्याकडे वळली.

“हे तू आत्ता सांगतोयस?”

“आधी मला कोणी विचारलं होतं?”

देनिझने कपाळावर हात मारला. “सोपं आहे. उद्या लपून बसू, पाटी हलवणाऱ्याला पकडू!”

“आपण पकडून काय होणार?” स्वेन्या म्हणाली. “मोठी माणसं म्हणतील, पोरांना सुट्टीत उद्योग नाही. फ्लायडररबाईंनी स्वतःच्या डोळ्यांनी बघायला हवं.”

“त्या कशाला दोन जिने चढून येतील? गुडघे दुखतात त्यांचे.”

“रविवारी दुपारी आवाज झाला तर?”

देनिझच्या हातातला चमचा थांबला. रविवारी दुपारी या इमारतीत शांततेचा नियम इतका कडक, की मोठ्याने शिंकायचीही चोरी होती. एकदा देनिझने त्या वेळी अंगणात चेंडू दोनदा आपटला होता. तिसऱ्यांदा आपटायच्या आत फ्लायडररबाई घरातल्या चपलांवर त्याच्यासमोर उभ्या होत्या!

“तू भयंकर आहेस,” तो आदराने म्हणाला.

दुसऱ्या दिवशी आई सकाळी परतली, दोघांच्या केसांतून हात फिरवला आणि झोपली. दुपारी तिघं पावलं न वाजवता तिसऱ्या मजल्यावर गेली. पाटी जागेवरच होती. देनिझने तिच्या तारेला मासे पकडायची बारीक दोरी बांधली आणि दुसरं टोक वरच्या वळणावर रचलेल्या पातेल्यांच्या झाकणांना.

“झाकणं भिंतीला टेकव, येणाऱ्याच्या पायाखाली नकोत,” स्वेन्या कुजबुजली. “आणि लोरेन्झ, कठड्यावरून वाकायचं नाही! वाकलास तर लगेच घरी पाठवीन.”

“आई आहेस का माझी?”

“आई झोपलीये.”

ते बोलली आणि तिच्या एकदम लक्षात आलं. आवाज झाला की आई उठणार! रात्रभर उभी राहून आलेली आई. तिने खालच्या आपल्या दाराकडे पाहिलं. दोरी सोडून टाकावी का? पण मग पाटी गुपचूप खाली येईल, संध्याकाळी आई बाम्बेर्गला ‘नको’ कळवेल आणि परत कपाळ चोळत म्हणेल, माझ्या डोक्याचं काही खरं नाही. झोप एका दुपारची गेली तर परत मिळेल. हे कसं परत मिळणार? तिने दोरी तशीच ठेवली.

बराच वेळ काहीच झालं नाही. लोरेन्झ जांभया देऊ लागला. देनिझच्या पायाला मुंग्या आल्या. स्वेन्याला वाटलं, आपणच इथे पायरीवर झोपून जाऊ. आईकडे लक्ष ठेवून ठेवून तीही दमली होती, पण ते कोणाला सांगायचं?

कडी वाजली. दार उघडलं.

आधी बाहेर आली एक हिरवी बॅग. मग एक पांढऱ्या केसांच्या बाई आणि त्यांच्यामागे उंच, वाकलेले गृहस्थ. बाईंनी मुठीवरची पाटी पाहिली, मान डोलावली, पाटी काढली आणि जिन्याकडे वळल्या—

खण्ण! ढण्ण! खणखणखणखण!

झाकणं भिंतीवरून घरंगळली, पायऱ्यांवर गरगरली, एक तर चाकासारखं थेट दुसऱ्या मजल्यापर्यंत गेलं!

“रविवार आहे!!” पहिल्या मजल्यावरून आरोळी आली. “रविवारची दुपार!!” आणि फ्लायडररबाई वर आल्या. गुडघे बिडघे सगळं विसरून आल्या! त्यांच्यामागोमाग स्वेन्याचं दार उघडून आई आली. विस्कटलेले केस, अंगावर घाईत ओढलेला कोट.

“कोण पडलं? लागलं का कोणाला?” तिचा पहिला प्रश्न.

“कोणी नाही ग आई, झाकणं पडली!” स्वेन्या ओरडली.

फ्लायडररबाईंची नजर पाटीवर खिळली. “ही पाटी तुमच्या हातात कशी? आणि आपण कोण?”

“माफ करा,” पांढऱ्या केसांच्या बाई गोंधळून, शब्द जुळवत म्हणाल्या. “आम्ही डेन्मार्कहून. दोन रात्री, शहर पाहायला. घराचे मालक फोनवर म्हणाले, दाराला लाकडाची पाटी दिसली तर खालच्या मजल्याची आहे, जाताना तिथे लावा. सगळे पाहुणे लावतात, म्हणाले.”

“सगळे पाहुणे?” फ्लायडररबाईंचा आवाज इतका हळू झाला की देनिझ एक पायरी मागे सरकला. “आणि भाचा?”

“कोणता भाचा?” डॅनिश गृहस्थांनी विचारलं.

नेमके त्याच वेळी क्लेट शीळ घालत वर आले. खांद्यावर धुतलेल्या चादरींची भलीमोठी पिशवी. जिन्यात एवढी माणसं बघून शीळ मधेच विरली.

“या, या,” फ्लायडररबाई म्हणाल्या. “भाच्याच्या चादरी का? फार बाई लाडका भाचा! दर आठवड्याला नव्या चेहऱ्याचा!”

“त्याचं काय झालं, फ्राउ फ्लायडरर... घर रिकामं पडलं होतं, तर म्हटलं...”

“पाहुण्यांना भाड्याने घर द्यायचं नाही असं सगळ्यांनी मिळून ठरवलं होतं. तुम्हीही ‘हो’ म्हणाला होतात. ते नंतर बघू. पाटी खाली का पाठवलीत? वर का नाही?”

क्लेट यांनी पिशवी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली. “वरचे आजोबा लगेच विचारायला आले असते, माझी पाळी लवकर कशी आली म्हणून. खालच्या बाई तर नेहमी दमलेल्याच असतात. म्हटलं, त्यांच्या काही लक्षात...”

आई समोरच उभी आहे, हे त्यांना आत्ता दिसलं.

आई पायरीवर बसली. स्वेन्या धावत तिच्याजवळ गेली. “आई?”

“म्हणजे मी टांगली होती,” आई म्हणाली. “प्रत्येक वेळी टांगली होती मी.”

“हो ग! काल तर मीही होते ना!”

“मला वाटलं होतं...” आईने तोंडावर हात धरला. तिचे खांदे हलू लागले. रडते की काय, म्हणून स्वेन्याने वाकून पाहिलं. आई हसत होती आणि डोळ्यांतून पाणीही येत होतं, दोन्ही एकदमच!

फ्लायडररबाईंनी पाटी घेतली आणि क्लेट यांच्या गळ्यातच अडकवली. “चादरी ठेवा खाली. हा आठवडा तुमचा. नंतरचे तीनही तुमचे. आणि मी खिडकीतून बघणार आहे!”

मग त्या आईकडे वळल्या. हे त्यांना जड जात होतं, ते दिसत होतं. “चुकलं माझं. बोलण्याआधी मी तुमच्या दारावर टकटक करून विचारायला हवं होतं.” आणि मुलांकडे बघून, “रविवारी दुपारी असा गोंधळ या घरात आजवर कोणी केला नव्हता. शाब्बास! आमच्या म्हाताऱ्या डोळ्यांना जे इतके दिवस दिसलं नाही, ते तुम्ही पोरांनी पाहिलंत.” त्या थांबल्या. “पुन्हा मात्र करायचा नाही.”

“नाही करणार!” तिघं एकासुरात ओरडली.

“हळू!!”

डॅनिश बाईंनी बॅगेतून गोड गोळ्यांचा डबा काढून लोरेन्झपुढे धरला. एकीच्या जागी त्याने तीन घेतल्या. आईने ते पाहिलं आणि काहीच म्हटलं नाही. संध्याकाळी तिने फोन केला आणि ‘हो’ म्हटलं.

शुक्रवारी दुपारी आई आणि दोन्ही मुलं स्टेशनला जायला निघाली. बाहेर क्लेट पानं गोळा करत होते. एक ढीग झाला की वारा येऊन तो मोडायचा. आई चार पावलं चालून थांबली. “गॅस बंद केला ना मी? दाराला कुलूप?”

“केलंत! मी पाहिलंय!” वरच्या खिडकीतून फ्लायडररबाई ओरडल्या. “मागे बघू नका, ट्राम चुकेल!”

ट्रामच्या चालकाच्या जागेवर देनिझचे बाबा होते आणि देनिझ त्यांच्यामागच्या बाकावर बसून मुद्दाम सोडायला आला होता. लोरेन्झ लगेच त्याच्याशी नदीत न बुडणाऱ्या इमारतीवर पैज लावू लागला. स्वेन्या आईशेजारी बसली. सवयीने तिने आईचे डोळे पाहिले. सावली होती अजून, पण आज फिकी. मग तिने बॅगा पाहिल्या, लोरेन्झ पाहिला, पुढचा थांबा कुठला ते पाहिलं. तिच्या पापण्या जड झाल्या होत्या.

“झोप जरा,” आई म्हणाली आणि तिचं डोकं आपल्या खांद्यावर ओढून घेतलं.

“स्टेशन चुकेल.”

“नाही चुकणार. माझं लक्ष आहे.”

स्वेन्याने क्षणभर तिच्याकडे पाहिलं आणि डोळे मिटले.