अकराचा वारा

चारुताने त्याला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो आपल्या छोट्या व्हॅनच्या मागच्या चाकाकडे बोट दाखवून उभा होता आणि चाकाशी मराठीत बोलत होता.

"चाक... बरोबर," तो म्हणाला. बोट वर सरकलं. "दार... बरोबर. गॅस बंद... बरोबर."

जपानात, टोकियोजवळच्या चिबाच्या समुद्रकिनाऱ्यावर, पाइनच्या झाडांमागच्या कॅम्पिंगच्या मैदानात सकाळी नऊ वाजता मराठी कानावर पडावी हेच मुळात विशेष. त्यात ती चाकाला उद्देशून असावी, हे जरा जास्तच. चारुता शेजारच्या, राहायची सोय असलेल्या भल्यामोठ्या गाडीच्या पायरीवर कॉफीचा मग घेऊन बसली होती. ती हसली नाही. ठाण्याच्या मुली अनोळखी माणसासमोर पहिल्या पाच मिनिटांत हसत नाहीत. सहाव्या मिनिटाला हसतात.

"चाक काही म्हणालं का?" तिने विचारलं.

तो वळला. दचकला असावा, पण चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही. "नाही. आज शनिवार आहे, सुट्टीवर असेल."

चारुता तिसऱ्याच मिनिटाला हसली आणि स्वतःवर थोडी नाराज झाली.

त्याचं नाव देवदत्त. मूळचा मुलुंडचा, तीन वर्षांपासून टोकियोत, रेल्वेच्या सिग्नलचं काम करणाऱ्या कंपनीत. तिथे म्हणे प्रत्येक गोष्ट तपासताना तिच्याकडे बोट दाखवून मोठ्याने सांगावं लागतं, म्हणजे डोळा, हात आणि तोंड एकाच वेळी जागे राहतात. ही सवय त्याच्या हाडात इतकी मुरली होती की मुलुंडला गेला की आईच्या कुकरकडेही तो बोट दाखवायचा. आईचं त्याच्यासाठी मुली बघणं तेव्हापासून जरा मंदावलं होतं.

"आणि दुसऱ्या माणसालाही तेच म्हणावं लागतं," तो म्हणाला. "एकट्याच्या म्हणण्याला आमच्याकडे किंमत नाही."

"मी वस्तूंशी बोलत नाही," चारुता म्हणाली.

"माझ्याशी बोलताय की."

याला उत्तर होतं, पण ते तिला दुपारी सुचलं.

ती मोठी गाडी चारुताची नव्हती. ती टोकियोतल्या फुनाबोरीत राहणाऱ्या दिगंबरकाकांची. काका तीस वर्षांपूर्वी मुंबईच्या एका व्यापारी कंपनीतर्फे दोन वर्षांसाठी जपानला आले आणि अजून परत जायच्या तयारीत होते. निवृत्तीनंतर त्यांनी मायदेशी निघालेल्या एका अमेरिकन माणसाकडून ही गाडी घेतली. फुनाबोरीतली त्यांची पार्किंगची जागा गाडीच्या स्वयंपाकघराएवढी, म्हणून गाडी इथे समुद्राकाठी महिन्याच्या भाड्याने उभी. गाडीची गंमत अशी की बटण दाबलं की तिच्या कुशीतून एक छोटी खोली बाहेर सरकायची, सोफ्यासकट. आणि खोली सरकताना तिच्या डोक्यावर एक कापडी छप्पर गुंडाळीच्या रुळावरून आपोआप उलगडायचं. त्याला काका अभिमानाने ऑनिंग म्हणत.

या ऑनिंगवर नयनाकाकूंचं होक्काइदो अवलंबून होतं. पहिल्या वर्षापासून काका त्यांना जपानच्या उत्तर टोकाचं होक्काइदो बेट दाखवणार होते. मग कधी बदली, कधी मुलाची परीक्षा, कधी काकांचा साहेब. तीस वर्षांत काकूंनी आपल्या एदोगावा भागातली सगळी भाजीची दुकानं पाहून घेतली. यंदा मात्र बोटीची तिकिटं हातात होती, दोन आठवड्यांनी निघायचं होतं. ऑनिंग फाटलं तर नवं कापड अमेरिकेहून यायला चार महिने, आणि त्याशिवाय पावसाचं पाणी थेट सोफ्यावर. तोवर होक्काइदोत बर्फ.

गुरुवारी काकांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, म्हणून खोली उघडून गाडीला हवा द्यायला त्यांनी चारुताला पाठवलं. ती त्यांच्या जवळच हिगाशी-कसाईत राहायची आणि दर रविवारी काकूंकडे नाश्त्याला असायची, म्हणजे घरचीच. सोबत चौदा कलमांची यादी दिली. अकरावं कलम असं: 'वारा दहाच्या वर, खोली आत. विचार करू नये.'

चारुता सॉफ्टवेअरमधली. विचार करू नये म्हटलं की तिला विचार यायचेच.

"फाटकावरच्या फळ्यावर दुपारचा वारा अकरा लिहिलाय," देवदत्त म्हणाला. "खोली आत घेणार ना?"

"अकराला? आमच्या सोसायटीतल्या आजी सायकलवरून यापेक्षा जोरात जातात."

नंतर त्याने कबूल केलं की त्या क्षणी त्याला वाटलं, ही मुलगी विलक्षण धीराची आहे. तिला वाटलं, हा मुलगा दिसायला बरा आहे पण अंमळ भित्रा. एका आकड्यावरून दोन माणसांचा एकमेकांविषयी इतका गैरसमज सहसा होत नाही.

तो कोनबिनीत, म्हणजे चोवीस तासांच्या दुकानात, भाताच्या ओनिगिरी आणायला गेला, तिच्यासाठीही एक घेऊन येतो म्हणाला. कुठल्या सारणाची, हे विचारायला दोनदा मागे फिरला. दुसऱ्यांदा विचारायची गरज नव्हती.

दोनच्या सुमाराला पाइनची झाडं एका बाजूला कलली आणि सरळ व्हायची विसरली. चारुता सोफ्यावर लोळत होती. डोक्यावर फट्ट असा आवाज झाला, मग पुन्हा. ती बाहेर आली तर ऑनिंगच्या पोटात वारा शिरून त्याचं शीड झालं होतं. रूळ कुरकुरत होता. कापड उचललं जायचं, आपटायचं, पुन्हा उचललं जायचं. एका कडेची शिवण उसवायला लागली होती... बोटभर.

ओनिगिरी खिशात कोंबून देवदत्त धावत आला.

"हा अकरा नाही," चारुता ओरडली. "हा निदान चाळीस आहे."

"अकराच आहे. सेकंदाला अकरा मीटर. म्हणजे तासाला चाळीस किलोमीटर." तो थांबला. "तुम्ही... किलोमीटर धरलेत?"

जपानी लोक वारा सेकंदाला मीटरमध्ये मोजतात, हे जपानातल्या अडीच वर्षांत तिला कोणी सांगितलं नव्हतं आणि तिने विचारलं नव्हतं. तिच्या डोळ्यांसमोर काकूंचा चेहरा आला. बोटीची तिकिटं फ्रिजवर चुंबकाखाली लावलेली होती. काकू फ्रिजमधून दूध काढताना रोज ती वाचायच्या.

"माझी चूक," ती म्हणाली. "आता काय करायचं ते सांग."

तुम्हीचं तू कधी झालं, हे दोघांनाही कळलं नाही. वाऱ्याला मात्र घाई होती.

लगेच बटण दाबून चालणार नव्हतं. ऑनिंगवर पाइनच्या सुया आणि काटक्या साचल्या होत्या. त्या कापडासकट रुळात गुंडाळल्या गेल्या तर फाटायचं ते हमखास फाटलं असतं. देवदत्तने शिडी लावून घट्ट धरली, चारुता झाडू घेऊन वर चढली. दोन झोतांच्या मधल्या शांततेत ती झाडायची, झोत आला की शिडीला बिलगायची. सगळा केर देवदत्तच्या डोक्यावर पडत होता आणि तो खालून अतिशय सभ्यपणे "अजून डावीकडे" म्हणत होता.

मग तिने आत जाऊन खोलीच्या वाटेतली सूटकेस उचलली, बटण दाबलं. खोली कुरकुरत आत आली, कापड रुळावर गुंडाळलं गेलं. पण रूळ झोताबरोबर पुन्हा उलगडू बघत होता. बांधायला पट्टा हवा होता. काकांच्या हत्यारांच्या खोक्यात पट्टा नव्हता. होता तो परकराच्या नाडीचा अख्खा गुंडाळा, काकूंनी दादरहून आणलेला.

"नाडी चालेल?" तिने विचारलं.

"नाडी आजवर कुणाची सुटली नसेल तर चालेल."

तीन ठिकाणी बांधायचं होतं. तिने धरायचं, त्याने गाठ मारायची. तिसऱ्या गाठीला तिचं बोट मधे राहिलं. त्याने ते सोडवलं... जरा सावकाशच. एवढ्या वाऱ्यात एवढी सावकाशी चारुताने कधी पाहिली नव्हती. तिनेही घाई केली नाही.

तो मागे सरला, केसांत पाइनच्या सुया तशाच. बोट उचललं. "रूळ... बरोबर. गाठी तीन... बरोबर." मग तिच्याकडे वळला. "आता तू."

"मी नाही म्हणणार," चारुता म्हणाली. "वेड्यासारखं वाटतं."

त्याने आग्रह केला नाही. ओनिगिरी मात्र दोन्ही चपट्या झाल्या होत्या. त्या त्यांनी पायरीवर बसून, वाऱ्याकडे पाठ करून खाल्ल्या.

रविवारी सकाळी समुद्र असा शांत होता की कालचं कुणाला खरं वाटलं नसतं. दहा वाजता टॅक्सीतून काळा चष्मा लावलेले काका आणि हातात डबा घेतलेल्या काकू उतरले. काकांना घरी बसवेना. चारुताने त्यांना आधी ऑनिंगपाशी नेलं, उसवलेली शिवण दाखवली आणि आकड्याचं सगळं सांगून टाकलं.

"मी लिहिलं होतं, विचार करू नये," काका म्हणाले.

"मी केला, काका. चुकीचा केला."

काकांनी चष्मा वर करून शिवण चाचपली. बोटभरच होती, हाताने शिवता आली असती. काकू मात्र गाठींकडे बघत होत्या.

"ही गाठ तुझी नाही," त्या चारुताला म्हणाल्या. त्यांची नजर शेजारच्या व्हॅनकडे गेली. तिथे देवदत्त आपलं सामान फारच लक्ष देऊन आवरत होता. "होक्काइदोला जाताना नाडी अशीच राहू दे. आणि त्याला नाश्त्याला बोलाव. डबा चौघांपुरता आहे."

"तिघांचा आणला होता ना?" काका म्हणाले.

"तुम्हाला पथ्य आहे," काकू म्हणाल्या आणि त्यांना आत घेऊन गेल्या.

चारुता व्हॅनपाशी गेली तेव्हा देवदत्तची फेरी चालू होती. चाक बरोबर. दार बरोबर. गॅस बंद, बरोबर. मग बोट वळलं आणि तिच्यासमोर येऊन थांबलं. त्याचं त्यालाच नवल वाटलं असावं, कारण ते खाली घ्यायचं त्याला सुचलं नाही.

"इथे काय म्हणतात?" तिने विचारलं.

"नियम असा आहे..." तो अडखळला. "खात्री असेल तरच बरोबर म्हणायचं."

"आणि आहे?"

"काल दुपारपासून." त्याने श्वास घेतला. बोट जराही हललं नाही. "चारुता... बरोबर."

मैदानात दोन जपानी कुटुंबं नाश्ता करत होती. गाडीच्या खिडकीचा पडदा चार बोटं सरकला होता आणि त्यातून एक काळा चष्मा दिसत होता. चारुताने सगळं पाहिलं. मग हात सरळ केला, बोट नेमकं त्याच्या छातीसमोर धरलं आणि पलीकडच्या कुटुंबालाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"देवदत्त... बरोबर."