आठ युनिटांचा हट्ट

तात्या बिराजदारांच्या जिवाशी कोणीतरी खेळत होतं, आणि ते कोण हे डॉ. कुमुदिनी धारप यांना पक्कं ठाऊक होतं. पुरावा तेवढा हाती यायचा होता.

तात्या म्हणजे निवृत्त ड्रिल मास्तर. त्यांच्या पोटावर चहाच्या बशीएवढं कृत्रिम स्वादुपिंड बसवलेलं होतं. रोज सकाळी दहा वीसला ते एका नळीतून इन्सुलिन सोडायचं. किती सोडायचं, ते प्रयोगशाळेतला संगणक सांगायचा. धारपबाई खाटेशी उभ्या राहून ॲप्रनच्या खिशातल्या छोट्या यंत्रात, हातवहीत, अंदाजाचा आकडा लिहायच्या. मग रक्ताचा अहवाल आला की तंत्रज्ञ रेवणसिद्ध हत्तुरे तो आकडा संगणकावर दुरुस्त करायचा. शेवटी हातवही संगणकाशेजारच्या बैठकीत, म्हणजे तिच्या खाचेत, ठेवली की दोन्हींची जुळणी व्हायची.

रविवारी अहवालाप्रमाणे तीन युनिटं द्यायची होती. गेली आठ. तात्या बेशुद्ध पडले, थोडक्यात वाचले.

"मॅडम, मी तीनच लिहिलं होतं. आकडा परत आठ होतोय बघा," हत्तुरे काकुळतीला येऊन म्हणाला.

"यंत्र खोटं बोलत नाही, हत्तुरे. माणसं बोलतात."

तो परत कामाला लागला. वॉर्डाच्या कॅमेऱ्यात मात्र तीन दिवस तेच दिसलं. बरोबर दहा वीसला हत्तुरेचा हात तात्यांच्या नळीवर. कुठेही नोंद नाही, कोणाला विचारणं नाही. कुठंतरी पाणी मुरतंय, हे सांगायला ज्योतिषी कशाला हवा?

आज बाईंनी त्याला व्हरांड्यात खुर्चीवर बसवून ठेवलं होतं. त्याचं बडतर्फीचं पत्र हातवहीत लिहून, सही करूनच त्या आत आल्या. जुळणी विभागाच्या फरझाना मुजावर तिथे थांबल्याच होत्या.

"हत्तुरे बाहेर आहे, संगणकाला त्याचा हात लागलेला नाही," बाई म्हणाल्या. "आता बघा, आकडा कसा जागचा हलत नाही ते."

अहवाल आजही तीनच सांगत होता. बाईंनी स्वतः संगणकावर तीन लिहिलं आणि हातवही बैठकीत ठेवली. हिरवा दिवा लागला. पडद्यावर आठ!

"अगं बाई!"

फरझाना पडद्याजवळ वाकल्या. "मॅडम, एकाच गोष्टीच्या दोन नोंदी आल्या की कोणती खरी, हे यंत्राला कळत नाही. ते फक्त वेळ बघतं. जी नंतरची, ती खरी. तुमचं अंदाजाचं आठ कधी लिहिलंत?"

"दहा बाराला. खाटेशी, भिंतीवरचं घड्याळ बघून."

"यात दहा बावीस दिसतंय. आणि आत्ता तर सव्वादहा होऊन दोन मिनिटं झालीत. ही नोंद अजून व्हायचीय!"

धारपबाईंचा चेहरा उतरला. "माझं घड्याळ दहा मिनिटं पुढे असतं. घरातलं, हातातलं, सगळीच. उशीर नको म्हणून. आमच्या आईची शिस्त."

"आमच्या घरीही तेच," फरझाना हळूच म्हणाल्या. "म्हणजे हत्तुरेंनी तुमच्यामागून पाच मिनिटांनी लिहिलं, तरी ते तुमच्या आधीचंच ठरणार. रोज."

बाईंनी घाईघाईने हातवहीचं घड्याळ दहा मिनिटं मागे घेतलं आणि तीन लिहिलं. पडद्यावर उत्तर आलं: याहून नंतरची नोंद आहे.

"अहो, घड्याळ आत्ता कशाला मागे घेतलंत! एकदा बदललं की दिवसभर परत बदलता येत नाही. आता दहा बावीसपर्यंत ते कोणाचंच ऐकणार नाही."

"इन्सुलिन दहा वीसला सुटतं!"

भिंतीवर दहा एकोणीस झाले होते. बाई धावत सुटल्या. व्हरांड्यातली खुर्ची रिकामी होती. पळाला की काय? एवढं सगळं कळूनही त्यांच्या मनात पहिलं हेच आलं, आणि त्याची त्यांना जन्मभर लाज वाटणार होती.

हत्तुरे तात्यांच्या खाटेशी उभा होता. नळी त्याने चिमटीत गच्च दाबून धरली होती.

"सावकाश, बाई," तात्या म्हणाले. "पडाल. हे रोज येतात या वेळेला. नळी दाबतात, मग सुईने हातानं देतात. मी म्हटलं, मॅडमना सांगा. तर म्हणाले, सांगून झालंय."

बाईंचे डोळे भरून आले.

तेवढ्यात हत्तुरेचा फोन वाजला. त्याने मोकळ्या हाताने तो काढला आणि वाचला. बैठकीतून आकड्याबरोबर पत्रही गेलं होतं.

"हत्तुरे, ते... ते मी परत घेते. आत्ताच."

"आत्ता नाही घेता येणार, मॅडम." त्याने फोन त्यांच्यापुढे धरला. पत्रावर सेवा समाप्तीची वेळ हातवहीच्या त्याच पुढच्या घड्याळाने पडली होती: दहा चोवीस. मग त्याने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. दहा एकवीस.

"अजून तीन मिनिटं मी नोकरीत आहे," हत्तुरे म्हणाला. "तेवढ्यात तात्यांची तीन युनिटं देऊन घेतो. ती सुई जरा इकडे द्या."